ब्रेकवर पाय

त्या गाडीची तिला पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. माणसाने वाघाला भ्यावं, सापाला भ्यावं, फार तर सासूला भ्यावं. उभ्या गाडीला काय भ्यायचं, असं घड्याळजी नेहमी म्हणायचे. घराशेजारच्या उतरत्या सिमेंटच्या बोळात गाडी नाक वर करून उभी असायची, आणि कपडे वाळत घालायला जाताना ही बाई कधी गाडीच्या मागून जायची नाही. लांबचा वळसा घालून पुढून जायची. भीतीला कारण लागतंच असं थोडंच आहे?

घड्याळजी म्हणजे तिचा नवरा. चौकातल्या दुकानात जन्मभर डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, म्हणून सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. चारचौघांत तीही तसंच म्हणे. दुकान बंद केलं आणि त्यांनी ही चारही चाकांनी ओढणारी जुनी गाडी आणली. कुठल्याशा खाणीत राबून राबून ती भंगारात निघाली होती. घड्याळजी तिला लाडाने म्हातारी म्हणत.

"हिच्यात एक स्क्रू लपवलेला नाही," ते बायकोला सांगायचे. "पत्रा सरळ, काच सरळ. दार नको असेल तर काढून ठेव. चिखल झाला तर आत बादलीभर पाणी ओत. आताच्या गाड्यांच्या पोटात काय असतं ते त्यांच्या आईबापांनाही ठाऊक नसतं."

तिला यातून एवढंच कळलं, की रिटायर झालेल्या नवऱ्याला पुन्हा नोकरी लागली. दिवसभर हा माणूस गाडीखाली. बाहेर नुसते दोन पाय. जेवायला हाक मारायची ती त्या पायांना. ती घरी लोकांचे कपडे शिवायची, तेव्हा त्या पायांसाठी तिने जाड कापडाची एक ढगळ डांगरी शिवली आणि सगळीकडे दुहेरी शिवण घातली. "कापड फाटेल, पण शिवण उसवायची नाही," ती म्हणाली होती. घड्याळजींनी ती शिवण शेजाऱ्यांना ओढून ओढून दाखवली होती.

आणि मग गाडीला गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघायची आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्यांची पोटं. त्यांच्याकडे अशा गाड्यांची रांगच होती म्हणे. दात बघायचा तो लांब दांडीचा चिमुकला आरसा ते गाडीखाली घालून बघत, चॅसीवरचा नंबर वाचत आणि लहान मुलासारखे खूश होत. ही काही धर्माची गाय नव्हती, तेव्हा दात मोजायला त्यांना कुणाची ना नव्हती.

"नवा रंग, नवे पार्ट घातलेली गाडी म्हणजे कवळी, काका," ते घड्याळजींना म्हणाले होते. "तोंड छान दिसतं, पण त्यात काय मजा? मला मूळचे दात हवेत. किडके चालतील."

घड्याळजी एवढे खुलले की काही विचारू नका. त्यांनी म्हातारीचे मूळचे दात एकेक करून दाखवले. खाणीने दारावर रंगवलेला पुसट आकडा मूळचा. आसनांचं कापड मूळचं. ब्रेकचं आतलं रबरसुद्धा मूळचं. त्यामुळे पाय दाबून धरला की ब्रेक हळूहळू खाली बसतो, पण दोनदा पटापट दाबला की पुन्हा वर येतो. डॉक्टर म्हणाले, वा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने हे ऐकलं. बसणाऱ्या ब्रेकला वा म्हणणारी माणसं तिने आजवर पाहिली नव्हती.

हँडब्रेकचं तर वेगळंच प्रकरण होतं. घड्याळजींनी तिला ते जेवताना इतक्या वेळा सांगितलं होतं की तिला पाठ झालं होतं. हिचा हँडब्रेक चाकांना धरत नाही. मागच्या चाकांना फिरवणारा जो दांडा पोटाखालून जातो, त्या दांड्याला धरतो. मागची दोन्ही चाकं जमिनीवर आहेत तोवर गाडी तसूभर हलायची नाही. पण त्यातलं एक उचललं, की ते हवेत मोकळं फिरायला लागतं, त्याच्या जोरावर दुसरंही मोकळं होतं, आणि हँडब्रेक असून नसल्यासारखा. म्हणून मागचं चाक उचलायचं असेल तर आधी पुढच्या चाकांमागे लाकडी ठोकळे लावायचे. शिवाय पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध ज्या चकत्या आहेत त्या हाताने फिरवून आतला लिव्हर ओढायचा, म्हणजे पुढची चाकंही त्या दांड्याशी जोडली जातात. "देव विसरेन, ठोकळे विसरणार नाही," असं ते म्हणायचे. जुन्या पलंगाचा पाय कापून त्यांनी ते ठोकळे केले होते.

त्या दुपारी डॉक्टर शेवटचं बघायला आणि फोटो काढायला आले. फोटोसाठी दारं काढली. मग डॉक्टर कॅमेऱ्यातून बघत म्हणाले, "काका, ते ठोकळे चांगले दिसत नाहीत. कारखान्यातून काही ते आलेले नाहीत."

घड्याळजींनी ठोकळे उचलून गाडीच्या मागच्या भागात ठेवले. वर दारं ठेवली. मग डॉक्टरांना पुढच्या चकत्या फिरवून बघायच्या होत्या. अजून टक् करून बसतात का? बसतात. सुटतात का? सुटतात. जुन्या घड्याळाची किल्ली फिरवावी तसे घड्याळजी त्या चकत्या फिरवत राहिले, आणि शेवटी त्या सुटलेल्याच राहिल्या.

ती तेव्हा गाडीतच होती, चालवणाऱ्याच्या जागेवर. शेजारच्या आसनाची शिवण उसवली होती, ती हाताने घालून द्यायला डॉक्टरांनी तिला विनवलं होतं. त्यांना नवं कव्हर नको होतं, जुन्याच भोकांतून दोरा जायला हवा होता. गळ्यात दोरीला बांधलेली कात्री, हातात जाड सुई, आणि जीव मुठीत धरून ती बसली होती. ठोकळे मागे गेलेले तिने पाहिले. तिच्या ओठांवर आलं होतं, पण दोन पुरुष फोटोच्या नादात एवढे रंगले होते की ती मनाशी म्हणाली, जाऊ दे, गाडी त्यांची, त्यांना कळत असेल. हे जाऊ दे तिला पुढे फार छळणार होतं.

मग डॉक्टरांना मागच्या चाकाआडचा ब्रेकचा ड्रम बघायचा होता. घड्याळजींनी जॅक लावला, मागचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलं. डॉक्टरांचा आरसा आणि बॅटरी राहिली होती त्यांच्या मोटारीत, आणि मोटार होती बोळ उतरून पलीकडे मोठ्या रस्त्यावर. ते आणायला गेले. घड्याळजी वाट बघत बसणाऱ्यांतले नव्हते. डॉक्टर यायच्या आत तेलाचा डाग पुसून घेऊ, म्हणून ते फडकं घेऊन गाडीखाली शिरले. पाय पुढच्या चाकाकडे, छाती मागच्या दोन चाकांमधल्या अ‍ॅक्सलखाली.

गाडी हलली तेव्हा आवाज झाला नाही. समोरची भिंत लांब गेल्यासारखी वाटली, एवढंच. यंत्रात कापड अडकलं की शिवणारीचा पाय जसा आपोआप घट्ट होतो तसा तिचा पाय मधल्या पेडलवर जाऊन पडला. ते ब्रेकचंच होतं हे तिचं नशीब. गाडी थांबली. खालून लोखंडाने सिमेंट खरवडल्याचा आवाज आला आणि मग सगळं गप्प झालं.

"अहो."

उत्तर आलं नाही.

"अहो, आहात ना?"

"आहे." आवाज बारीक होता. "पाय काढू नकोस."

"लागलं?"

"नाही. जॅक तिरका झालाय. अ‍ॅक्सल माझ्या छातीवर आहे. म्हणजे वर आहे, टेकलेला नाही."

"मग निघा ना बाहेर."

"पाय निघत नाही. पुढचं चाक डांगरीवर चढलंय. ओढून बघितलं. फाटत नाही."

फाटणार कशी? दुहेरी शिवण तिनेच घातली होती. तिला एकदम रडू आलं, पण रडताना पाय सैल पडेल या भीतीने तिने तेही गिळलं. अंगातली सगळी ताकद उजव्या पायात उतरवून ती बसली. हातात अजून सुई होती. ती कुठे ठेवावी हेही तिला सुचेना, तेव्हा तिने ती शेजारच्या आसनात खुपसली.

हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं. आवाज निघाला तो स्वतःलाच ऐकू येईल एवढा. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता, त्यात कुणीतरी खळखळून हसत होतं. माणसं इतकी जवळ असून इतकी दूर असतात हे तिला त्या दिवशी कळलं आणि त्या हसणाऱ्याचा तिला भयंकर राग आला.

मग पायाखाली काहीतरी हललं. आधी वाटलं, पाय कापतोय. पाय कापतच होता. पण कापणारा पाय वेगळा आणि खाली बसत जाणारं पेडल वेगळं. आयुष्यभर पायाने यंत्र चालवलेल्या बाईला त्यातला फरक कुणी सांगावा लागत नव्हता.

"अहो, हे खाली जातंय."



"जाणारच," घड्याळजी म्हणाले. "हळू जातं ते. अगदी तळाला जायच्या आधी पाय उचलून दोनदा पटापट दाब. वर येईल."

"आणि पाय उचलला की?"

"गाडी जरा मागे सरेल."

"जरा म्हणजे?"

ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या घड्याळातले सेकंद जुळवून दिले, त्याला या जराचं माप सांगता येईना.

ठोकळे तिच्या पाठीमागे हाताच्या अंतरावर होते. तिने पाय न हलवता डावा हात मागे टाकून चाचपलं. बोटांना दाराचा थंड पत्रा लागला. दोन्ही दारं ठोकळ्यांवर आडवी पडली होती. तिने एक दार उचलायचा प्रयत्न केला, आणि अंग पिळवटलं तसा पाय किंचित सैल झाला. खालून जॅक कुरकुरला. तिने विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला.

"काय करतेस?"

"काही नाही. ठोकळे काढत होते."

"राहू दे. डॉक्टर येतील."

"कधी?"

"येतील. तू घाबरू नकोस."

"मी घाबरलेय," ती म्हणाली.

"मीपण," घड्याळजी म्हणाले.

हे मात्र तिने कधी ऐकलं नव्हतं. सगळ्या संसारात घाबरायचं खातं तिच्याकडे होतं आणि हसायचं त्यांच्याकडे. त्यांनीही घाबरायचं ठरवलं म्हटल्यावर तिच्या उरल्यासुरल्या धीराने पळ काढला. घामाने तिची पाठ आसनाला चिकटली. पेडल बसत चाललं होतं, सावकाश, काही घाई नसल्यासारखं. तिची टाच गाडीच्या जमिनीला टेकली. आता उचलायलाच हवा होता.

"उचलू?"

"थांब." मग फडकं टाकल्याचा आवाज. मग, "हं."

तिने पाय उचलला आणि दाबला, उचलला आणि दाबला. पेडल घट्ट झालं. पण तेवढ्यात गाडीने मागे एक झोका घेतला आणि जॅकने असा आवाज केला की तिने डोळे मिटून घेतले. खालून एक लांब श्वास सुटल्यासारखं ऐकू आलं. तो श्वास शेवटचा होता की सुटकेचा, हे कळेपर्यंत तिची पाचावर धारण बसली.

"आहात?"

"आहे." मग, "आता पुन्हा नको."

पुन्हा नको म्हणजे काय ते तिला कळलं. जॅक आणखी एक झोका सोसणार नव्हता.

आणि तेव्हा बोळाच्या तोंडाशी शीळ ऐकू आली. डॉक्टर शीळ घालत, आरसा खिशाला लावून, रमतगमत चढ चढत येत होते.

"गाडीला हात लावू नका," ती म्हणाली. कुठून आवाज आला देव जाणे, पण आला.

डॉक्टर थबकले. वाकून त्यांनी गाडीखाली पाहिलं आणि उठले तेव्हा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "ठोकळे," ते म्हणाले. "काकू, ठोकळे कुठे आहेत?"

"माझ्या मागे, दारांखाली. ओढायला गेलात तर गाडी हलेल. हे घ्या." तिने एका हाताने गळ्यातली दोरी काढली आणि कात्री बाहेर टाकली. "पायाशी डांगरी अडकलीय. ती कापा. लवकर कापा, ब्रेक बसतोय."

डॉक्टर पुढच्या चाकाजवळ गुडघ्यांवर बसले. ते आता तिला दिसत नव्हते. नुसता कात्रीचा आवाज येत होता, आणि तो आवाज चुकीचा होता. कात्री पुढे सरकत नव्हती, एकाच जागी चावत होती. पेडल पुन्हा खाली निघालं होतं.

"शिवणीवर कापताय का?" तिने विचारलं.

"हो, इथेच..."

"शिवण सोडा. ती दुहेरी आहे, ती कापायची नाही. गुडघ्याच्या खाली मधलं कापड धरा आणि आडवं कापा. शिवण आली की ओलांडून पलीकडून या."

आवाज बदलला. कापड कापलं जात असताना जसा यायला हवा तसा आला. तिची टाच जमिनीला टेकली. चवडा टेकायचा राहिला होता. तिने काही सांगितलं नाही. सांगून त्या माणसाचा हात आणखी कापला असता. ती फक्त ऐकत राहिली. कर्र, कर्र, मग मध्ये थांबणं, मग पुन्हा कर्र. चवडा टेकला. गाडी अगदी हळू मागे झुकायला लागली.

"ओढा त्यांना," ती म्हणाली.

काहीतरी घासत गेलं. घड्याळजी कण्हले. कापड एकदा तडतडलं.

"निघाले," डॉक्टर म्हणाले. "काकू, निघाले. तुम्ही सोडू नका हं, मी तेवढ्यात दारं उचलून ठोकळे..."

"ठोकळे राहू द्या," घड्याळजी म्हणाले.

ते तिच्या बाजूला आले. डांगरीचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता, नडगीवरून रक्ताची रेघ गेली होती. जिथे दार असायचं तिथे उभं राहून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"सोड आता."

तिला सोडायचं होतं. पाय ऐकत नव्हता. गुडघ्यापासून खाली तो तिचा राहिलाच नव्हता. "निघत नाही," ती म्हणाली. "आणि म्हातारी? ती आपटेल."

"आपटू दे."

त्यांनी आत वाकून दोन्ही तेलकट हातांनी तिचा पाय धरला, पेडलवरून उचलला आणि त्याच झटक्यात तिला बाहेर ओढून घेतलं. गाडी मागे सरली. जॅक खाणकन पडला आणि बिनचाकाचा ड्रम सिमेंटवर आदळला, घासला, तिथे एक खोल रेघ ओढून थांबला. जिथे घड्याळजी निजले होते तिथे आता मांजरही मावलं नसतं. डॉक्टर ती जागा बघत उभे राहिले. घड्याळजींनी मागे वळून पाहिलं नाही. ते खाली बसून तिची पोटरी चोळत होते.

"देव विसरेन, ठोकळे विसरणार नाही म्हणत होतात ना?" ती म्हणाली. आता तिला रडायला हरकत नव्हती, आणि ती रडत होती.

"फोटो चांगला यावा असं वाटलं," घड्याळजी म्हणाले.



डॉक्टरांनी चहा घेतला. गाडी त्यांना अजून हवी होती; अशा माणसांची हौस एवढ्याने थोडीच फिटते. ते म्हणाले, ड्रम वाकलाय खरा, मूळचा होता, वाईट वाटतं. ती म्हणाली, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, डॉक्टर. काळ सोकावतो."

मोडकी गाडी दुसऱ्याच्या दारात पाठवायची नाही, असं घड्याळजींचं मत होतं. म्हणजे ड्रम सरळ करायला त्यांना पुन्हा एकदा खाली जावं लागणार होतं. तिने नको म्हटलं. रागावली, अबोला धरला, आणि शेवटी डांगरी काढून यंत्रावर बसली, कारण उघड्या पायाने त्यांना ती खाली जाऊ देणार नव्हती. पण यंत्राच्या पायपट्टीवर पाय ठेवला की तो दाबलाच जाईना. दाबलं तर काहीतरी खाली जाईल, असं त्या पायाला अजून वाटत होतं. घड्याळजींनी ते पाहिलं. ते जमिनीवर बसले आणि हाताने पायपट्टी हलवू लागले. ती वर कापड सरकवत राहिली.

"दुहेरी घालू?" तिने विचारलं.

"एकेरी घाल," ते म्हणाले.

ड्रम काढायच्या दिवशी ठोकळे तिने स्वतः लावले. चारही चाकांना पुरावेत म्हणून पलंगाचे उरलेले पायही घड्याळजींकडून कापून घेतले होते. आजवर ती त्या गाडीच्या मागे कधी गेली नव्हती. त्या दिवशी गेली, वाकली, प्रत्येक ठोकळ्याला लाथ मारून बघितली. चकत्या फिरवल्या, टक् ऐकलं, लिव्हर ओढायला लावला. मग घड्याळजी खाली गेले. दोन पाय बाहेर राहिले, एकाचं कापड जुनं आणि एकाचं नवं. पाय हलले नाहीत तर तिला भीती वाटायची, हलले तरी वाटायची. ती तिथेच जमिनीवर बसली आणि नव्या कापडाचा काठ तिने मुठीत धरून ठेवला.

"आहेस ना?" खालून आवाज आला.

"आहे," ती म्हणाली.